वही क्रमांक सात आणि घरगुती मजकूर

मी, कु. एस्तेर दावीद अमोलिक, वय सहासष्ट, धर्म ख्रिस्ती, निवृत्त न्यायालयीन टंकलेखिका, राहणार श्रीरामपूर, जिल्हा अहमदनगर, हे मृत्युपत्र स्वतःच टाइप करीत आहे. एकतीस वर्षे मी दुसऱ्यांची मृत्युपत्रे टाइप केली. त्यातली निम्मी भावाभावांत भांडणे लावण्यासाठीच लिहिली होती, हे मला तेव्हाही कळत होते. माझ्यावर कोणाचा दाब नाही. डॉक्टरांनी परवा तपासून दिलेला दाखला सोबत आहे: रक्तदाब ठीक, चष्म्यासह दृष्टी उत्तम, चक्कर येत नाही. यातले शेवटचे वाक्य मी डॉक्टरांना सांगून मुद्दाम घालून घेतले. कारण पुढे येईल.

१. राहत्या दोन खोल्या व परस माझा पुतण्या तुषार याला द्यावा. त्याची लायकी आहे म्हणून नव्हे, माझ्या भावाला शब्द दिला होता म्हणून. परसातल्या विहिरीला, घरात नळ आला त्या वर्षापासून, म्हणजे १९७९ पासून, लोखंडी जाळी व कुलूप आहे. ते तसेच ठेवावे.

२. माझ्या वाचनालयातल्या कादंबऱ्या तुषारला देऊ नयेत. गेल्या नाताळात तो कपाटाकडे बघून म्हणाला, "आत्या, ही रद्दी किती किलो भरेल गं?" मी त्याला केक न देता परत पाठवले. त्याला त्याचे अजून वाईट वाटते असे ऐकते. वाटू द्यावे.

३. हे वाचनालय मी निवृत्तीनंतर पुढच्या खोलीत सुरू केले. त्याला नियम एकच: वाचलेल्या कादंबरीवर अभिप्रायवहीत चार ओळी लिहिल्याशिवाय दुसरी मिळणार नाही. हा नियम आम्हाला कॉन्व्हेंटात सिस्टरांनी लावला होता. शुद्धलेखन चुकले तर लाल पेन्सिल. ती सवय माझी गेली नाही.

माझे वाचक साधे आहेत, पण मते त्यांची स्वतःची आहेत. रेल्वेतून निवृत्त झालेले सहादू प्रेमकथा वाचून लिहितात, "नायक ज्या गाडीने पळतो ती त्या स्टेशनात थांबत नाही." रतनबाईंनी एका नावाजलेल्या कादंबरीवर लिहिले, "बाई अकरा पाने रडते, तोवर तिच्या पोराने काय खाल्ले?" यापेक्षा नेमकी समीक्षा मी छापील वाचलेली नाही. सहादूंना प्रवासाच्या आणि रतनबाईंना सामाजिक कादंबऱ्या आवडीप्रमाणे द्याव्यात. साखर कारखान्यातले कानिफनाथ प्रत्येक पुस्तकावर "बरी आहे, लांबली आहे" एवढेच लिहितात. त्यांना काही ठेवलेले नाही. ते या मृत्युपत्राचे साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला ठेवलेली वस्तू त्याला मिळत नाही, हे मी एकतीस वर्षे टाइप केले आहे.

४. आता अभिप्रायवही क्रमांक सात.

सौ. माधुरी सुनील वाघचौरे ही माझी वाचक. माहेर राजूर. नवऱ्याचे इथे खताचे दुकान. दर शनिवारी ती बाजाराच्या पिशवीत, कोथिंबिरीखाली पुस्तक लपवून नेत असे. तिचे अभिप्राय आधी कथेवर असत. पुढे ती लिहू लागली, "यातली सून माहेरी निघून जाते. लेखकाने दाराला बाहेरून कडी दाखवलेली नाही." मी वाचले, आणि लाल पेन्सिलीने तिची एक चुकलेली वेलांटी ऱ्हस्व केली.

कादंबरी क्रमांक २१४ मध्ये एक सून स्टोव्हच्या भडक्यात मरते. त्या कादंबरीवर १७ डिसेंबर १९९४ रोजी माधुरीने लिहिलेले जसेच्या तसे देते:

"लेखकाने घाई केली. स्टोव्ह कोणाचा, पेटवला कोणी, काही लिहिले नाही. आमच्याकडे गॅस आला तेव्हाच स्टोव्ह भंगारात दिला. तरी सासूबाईंनी परवा रॉकेलचा डबा आणला. कशाला विचारले तर म्हणाल्या, असू दे, लागतं घरात."

त्याखाली लाल पेन्सिलीने एक शेरा आहे: "कथानकाविषयी लिहावे. घरगुती मजकूर नको." अक्षर माझे आहे.

पुढच्या शनिवारी तिने तो शेरा वाचला. माझ्याकडे बघितले. मग नव्या पुस्तकावर लिहिले, "पुस्तक छान आहे." चार ओळींचा नियम मोडला म्हणून मी तिला बोलले. ती म्हणाली, "बाई, बाकीचं सगळं घरगुतीच आहे."

११ जानेवारी १९९५ रोजी ती भाजून मेली. पंचनाम्यात लिहिले आहे: स्टोव्हचा भडका. पंच दोघेही खताच्या दुकानातली उधारीची गिऱ्हाइके.

मी वही घेऊन पोलीस ठाण्यात चौकशीला गेले. साहेब हसून म्हणाले, "बाई, कादंबरीवरचं मत हा काय पुरावा झाला?" मी म्हणाले, "तुमच्या पंचनाम्यापेक्षा त्यात शुद्धलेखनाच्या चुका कमी आहेत." त्यांनी मला चहाही विचारला नाही. तिथून मी एस.टी. धरून राजूरला तिच्या आईकडे, राहीबाईंकडे गेले. माधुरीची मुलगी निकिता त्यांच्याचकडे आहे. राहीबाईंना वाचता येत नाही. त्यांनी त्या पानावर बोट फिरवले आणि म्हणाल्या, "माज्या पोरीचंच हाय. ती दाबून लिवायची." मग लाल ओळीवर बोट थांबले. "ह्ये कुनाचं?" मी सांगितले. त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "आता तरी नीट वाचा म्हंजी झालं."

प्रकरण पुन्हा उघडावे म्हणून त्यांनी अर्ज केला आहे. सुनावणी १७ जूनला आहे. वही क्रमांक सात न्यायालयात पोचली पाहिजे, मी पोचले नाही तरी. माझा लाल शेरा कोणी खोडू नये. ती ओळ माझीच आहे याची कबुली मी इथे देते.

५. पोस्टातली सर्व शिल्लक निकिताला द्यावी. टाइपरायटरही तिलाच. त्याचा 'ळ' अडकतो, जोरात मारावा लागतो.

६. यंदा फेब्रुवारीत सुनील वाघचौरे आले. म्हणाले, "मावशी, ती सात नंबरची वही द्या की. बायकोची आठवण."

"मी कोणाची मावशी नाही. आठवण पाहिजे तर फोटोला हार घाला."

"मग सभासद करून घ्या. वाचायला तर बंदी नाही ना?"

बंदी नव्हती. तेव्हापासून ते दर शनिवारी येतात. पुस्तके न वाचता परत करतात, पाने तशीच चिकटलेली असतात. पण नियमाप्रमाणे चालू वहीत, म्हणजे आठव्या वहीत, अभिप्राय लिहितात. त्यांची नजर कपाटावर असते. गेल्या शनिवारी, २० एप्रिलला, मागचे दार कोठे उघडते ते त्यांनी जाऊन पाहिले आणि परत येऊन कादंबरी क्रमांक ३०८ वर लिहिले:

"छान. म्हातारी संध्याकाळी पाणी काढायला जाते व विहिरीत पडते ते पटले. एकट्या बायांना चक्कर येते. सुनील वाघचौरे."

३०८ मध्ये म्हातारी नाही. विहीरही नाही. ती सबंध कादंबरी बोटीवर घडते.

मी लाल पेन्सिल उचलली नाही. त्यांना ३०९ दिली. ती परवा शनिवारी परत यायची आहे.

७. म्हणून शेवटचा घरगुती मजकूर, आणि तो कोणीही गाळू नये. माझ्याकडे स्टोव्ह नाही. रॉकेल नाही. मला चक्कर येत नाही. सतरा वर्षांत मी विहिरीचे पाणी काढलेले नाही. वही क्रमांक सात व आठ घरात नाहीत. त्या दोन्ही वह्या आणि विहिरीच्या कुलपाची एकुलती एक किल्ली आज पाकिटात लाखबंद करून ॲड. यशोधरा साळवे यांच्या ताब्यात दिली आहे. मृत्युपत्राची अंमलबजावणी त्यांनीच करावी. मी विहिरीत सापडले, तर पंचांनी सही करण्याआधी कुलूप बघावे.

हे मी वाचून पाहिले. चुका नाहीत.

स्थळ: श्रीरामपूर
दिनांक: २५ एप्रिल १९९६

(सही) एस्तेर दावीद अमोलिक

आमच्यासमक्ष सही केली, आणि आम्ही त्यांच्यासमक्ष:

१. (सही) डॉ. पंकज रणनवरे
२. (सही) कानिफनाथ शेळके, टाइमकीपर. वाचले. लांबलेले नाही.