खोडलेलं केशर

गुरुजी, सहावीत तुम्ही माझ्या निबंधातलं एक वाक्य लाल शाईनं खोडलं होतं, ते मी अजून विसरलेलो नाही. तुम्ही घरी उर्दू बोलायचे, पण वर्गात मराठी कविता म्हणायला लागले की डोक्यावरचे तापलेले पत्रेसुद्धा जाणवायचे नाहीत. त्याच नादात मी लिहिलं, ‘आमच्या अंगणात केशर फुललं अन् सगळं अंगण केशरी झालं.’ तुम्ही वही हातात घेऊन विचारलं, “पाहिलंस का कधी केशर? न्हाई ना? मंग लिहायचं न्हाई. बिलकुल न्हाई.” वर्ग हसला. मी पुढं सरकारी रोपवाटिकेत माळी झालो, जन्मभर दुसऱ्यांच्या अंगणांसाठी रोपं वाढवली, पण ते वाक्य खोडलेलंच राहिलं.

आता अंबडच्या घरात मागच्या खोलीला काळे पडदे लावून, जुना एसी बसवून मी ट्रेमध्ये केशराचे कंद मांडलेत. सून महिनाभर ऐकवते आहे, “मामा, इथं माणसं उकडून राह्यलेत अन् तुमच्या कांद्यांना एसी!” मी म्हणतो, तुला कळी आली की तुलाही लावून देतो. काल एका कंदातून खरंच कळी निघाली, पांढऱ्या पापुद्र्यात मिटलेली. फूल जेमतेम दिवसभर ताजं राहतं, अन् आज नेमकी सगळी कामं माझ्या मागं.

सकाळी जालन्याला डोळ्यांचा दवाखाना, महिन्यापूर्वी घेतलेली वेळ. डॉक्टरीणबाई बाटली घेऊन आल्या. “थेंब टाकले की संध्याकाळपर्यंत धुरकट दिसेल, आजोबा.” मी दोन्ही हातांनी डोळे झाकले. “मंग आज न्हाई. आज मला पाहायचंय.”

“मोतीबिंदू पिकलाय. असं काय पाहायचंय?”

“फूल.”

त्या काही बोलायच्या आत मी चपला घातल्या. एसटीनं परत अंबड, तिथं बँक. पेन्शन चालू राहावी म्हणून मी जिवंत आहे हे दरवर्षी तिथं अंगठा लावून सांगावं लागतं. माझ्या अंगठ्याच्या रेषा मातीत कधीच घासून गेल्यात, मशीन ओळखेना. काउंटरवरची पोरगी म्हणते, “बाबा, अजून एकदा पुसून लावा.” चार वेळा पुसला. शेवटी म्हटलं, “आजच्या दिवस मेलेलो समज, पोरी. उद्या जिता होऊन येतो.”

घरी सून दारातच उभी. “जल्दी या, मामा! कांदा उमललाय. मी एसी अजून थंड करून ठेवलाय.” मी चष्मा पुसतो, ट्रेवर वाकतो. पाहिलं, गुरुजी. याच पिकल्या डोळ्यांनी, बराबर पाहिलं. मधोमध तीन लाल तंतू, अन् खोलीभर वास. ती वही मी इतकी वर्षं जपलीय. खोडलेलं वाक्य तुमच्या लाल रेघेखाली पुन्हा लिहायचं म्हणून पेनाचं टोपण काढलं.

अन् तिथंच थांबलो. पाकळ्या जांभळ्या आहेत, गुरुजी. कंद आले तेव्हा खोक्यावरच्या चित्रात तसंच होतं, पण मी चित्र खोटं ठरवलं होतं. फूल अन् हे पत्र घेऊन उद्या तुमच्या कबरीवर यायचं ठरवलं होतं. आता येत नाही, पत्र वहीतच ठेवतो. तुम्ही रंग विचाराल, अन् मला खरं सांगावं लागेल.