छावणीमागचा दारांचा ढीग

तीर्थरूप बाबा,
धाकटीचा वाकून नमस्कार.

"दारं काढल्याशिवाय गाडी आपली होत नाही," असं तुम्ही एकदा म्हणाला होतात. तेव्हा तुम्ही फौजेत ड्रायव्हर होतात आणि मला ती थट्टा वाटली होती.

आता त्याच गाड्या बनवणाऱ्या कारखान्याचा इतिहास लिहायला मी इथे आले आहे. खोली उबदार आहे, जेवण वेळेवर होतं. तुमचं खोकल्याचं औषध चालू आहे ना? दादा म्हणतो, "बरे आहेत." पण तोही तुमचाच मुलगा, खरं थोडंच सांगणार!

काल इथले जुने फिटरकाका भेटले. पहिल्या गाड्यांना म्हणे दारं होती. चिखलाने ती घट्ट बसायची, हल्ला झाला की आतल्या माणसाला बाहेर उडी मारता यायची नाही. "आम्ही पाहणीला गेलो, तर फौजेच्या छावणीमागे दारांचा हा एवढा ढीग! ड्रायव्हरांनीच उचकटलेली. मग आम्हीही मुकाट्याने बिनदारांच्या गाड्या काढल्या," ते हसत म्हणाले.

बाबा, त्या ढिगात तुमची दारं होती का? तुम्हाला कधी उडी मारावी लागली? शेजारी कोण बसायचं? आपल्या घरात हा विषय कधी निघालाच नाही.

पुस्तकातलं ड्रायव्हरांचं प्रकरण अजून कोरं आहे. बोलायला फारसं कुणी उरलेलं नाही. पण खरं सांगू? पुस्तकाआधी ते मलाच ऐकायचं आहे.

रविवारी फोन करते. "सोड गं, त्यात काय सांगायचंय," असंच म्हणाल, ठाऊक आहे. तरी विचारते, त्या दिवसांतला एक तरी दिवस मला सांगाल?

तुमची,
धाकटी