गुणगुणणं थांबलं तेव्हा

बुधवार, दिवेलागण. मुक्काम बीबी.

उद्या बुलढाण्याला कोर्टात मोटारीच्या अपघाताबद्दल माझी साक्ष. मोटारीचे मालक सकाळी येऊन सांगून गेले, "बैल आडवा आला, एवढंच सांगजो. कंडक्टरची नोकरी तुलेच राहील." मी हो म्हणून मान हलवली. का हलवली?

बैल कुठला? दुसरबीडच्या अलीकडे रस्ता मोकळा होता, भर दुपार. नामदेव ड्रायव्हर नेहमीसारखा गुणगुणत होता. मग गुणगुणणं थांबलं. मोटार मात्र चालतच राहिली, वळणावरही सरळ. मला वाटलं, हातातलं तिकीट देऊन मग हाक मारू. तेवढ्यात मोटार रस्त्याखाली जाऊन उलटली. नामदेव गेला, आणखी चौघे गेले.

आज बायको भाकरी थापताना गुणगुणत होती, मध्येच थांबली. मी किंचाळलोच.

आत्ता चंद्रभागाबाई येऊन गेल्या. मोटारीत नवरा त्यांच्या शेजारी बसला होता, तो गेला. भरपाईचा दावा त्यांचा. बैलाचं खरं धरलं तर त्यांना काहीच मिळणार नाही. उंबऱ्यातूनच विचारलं, "भाऊ, डायवराचं गुणगुणणं बंद झालं, ते तुमाले ऐकू आलं होतं ना?"

मी म्हणालो, "हाव बाई. डुलकी लागली हे समजलं होतं मले. हाक माराले पाह्यजे होती."

"मले बी समजलं होतं," त्या म्हणाल्या. "वाटलं, तुम्ही उठवसान."

उद्या जे ऐकलं तेच सांगणार. नोकरी जाईल, जावो. सकाळच्या मोटारीनं दोघं जाणार आहोत. जाताना त्या म्हणाल्या, "पुढंच बसू भाऊ. डायवरासंग बोलत राहू."