प्रदक्षिणेचं बेसबॉल

बाबा, आज सकाळी मी मयूर विहारहून मेट्रोत बसले आणि फोनवर बेसबॉलचा सामना लावला. अमेरिकेतली रात्र म्हणजे आपली सकाळ, एवढं गणित तुमच्या वेळचंच आहे. बाकी फारसं काही तुमच्या वेळचं राहिलेलं नाही. आता पिचरला घड्याळ लावलंय. ठरल्या सेकंदांत चेंडू टाक, नाहीतर दंड. सामना बरोबरीत लांबला की दुसऱ्या बेसवर एक रनर आयता आणून उभा करतात, अनुकंपा तत्त्वावर नोकरी दिल्यासारखा. अंपायरचं म्हणणं पटलं नाही तर खेळाडू स्वतःच्या डोक्यावर टपली मारतो आणि कॅमेरे निकाल देतात. तुम्ही म्हणाला असतात, "मग अंपायरला पगार कशाला देता?" मला मात्र ते घड्याळ फार आवडतं. यमुना ओलांडून ऑफिसला पोचेपर्यंत दोन इनिंग आरामात होतात. शेजारी बसलेली कॉलेजची मुलगी डोकावून म्हणाली, "आंटी, आपको ये समझ में आता है?" मी म्हटलं, "मेरे पापा सुनते थे." ती म्हणाली, "सुनते थे? देखते नहीं थे?" तिला काय सांगणार, कपाळ!

तुमची नोकरीच ऐकण्याची. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमधून पहाटे निघायचं, कानाला हेडफोन लावून परदेशी स्टेशनं ऐकायची, कोणी बातम्यांत काय म्हटलं ते टिपून साहेबांकडे द्यायचं, आणि त्यातलं अवाक्षर घरी काढायचं नाही. कॉलनीतल्या बाकीच्यांचे वडील संध्याकाळी येऊन साहेबाला शिव्या देत, डीएचं बोलत. तुम्हाला तीही सोय नव्हती. पण अमेरिकन सैनिकांसाठी एक स्टेशन होतं, त्यावर बातम्यांच्या आधी बेसबॉल लागायचं, सामना लांबला की बातम्याही लांबायच्या, आणि तोवर तुम्ही बिचारे ऐकत बसायचात. बेसबॉलमध्ये कुठल्याच साहेबाला रस नव्हता, त्यामुळे तेवढंच काय ते घरी सांगता यायचं. हातपाय धुऊन तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसायचात, आई पोळ्या लाटत असायची, आणि तुम्ही मला आणि धाकट्या भावाला सकाळचा सामना सांगायचात. आपली एक टीम होती. कायम हरायची, आणि तिचा मुख्य बॅटर एक ढेरपोट्या होता.

तुम्ही फरशीवर खडूने चौकोन काढलात तो दिवस मला दिसतो आहे. खाली बॅटर, मध्ये पिचर, कोपऱ्यांवर बेस. धाकटा विचारतो, "बॅटर कुठल्या बाजूने पळतो?" तुम्ही रेडिओवर ऐकलेलं, पाहिलेलं काहीच नाही, पण क्षणभरही अडत नाही. "अरे, प्रदक्षिणा कशी घालतात? डावीकडून निघायचं. पिचर उजव्या हाताला राहिला पाहिजे." झालं! आम्ही सगळी सेक्टरची पोरं मैदानात तसंच पळायला लागलो. एकदाच तुमचं अडलं. डावखुऱ्या बॅटरला पहिला बेस जवळ पडतो असं कॉमेंटेटर म्हणाला, आणि तुमच्या चौकोनात तर तो लांब पडत होता. दोन दिवस तुम्ही जेवताना बोटाने ताटात रेघा ओढल्यात आणि मग जाहीर केलंत, "त्या माणसाला खेळातलं कळत नाही."

मग तो उन्हाळा आला. आई हॉस्पिटलात, पुण्याहून मावशी आलेली, आम्हाला कोणी नीट काही सांगत नव्हतं. तुम्ही ड्यूटीवरून दुपारी आईकडे जायचात आणि संध्याकाळी आमच्याकडे. मुगाची खिचडी टाकायची, ती खाली लागायची, आणि कूलरच्या आवाजावर आवाज चढवून तुम्ही सामना सांगायचात. त्या उन्हाळ्यात आपली टीम अचानक जिंकायला लागली. आम्ही आईचं विचारायचंही विसरायचो. बहुधा तुम्हाला तेच हवं होतं. ऑपरेशनच्या दिवशी मावशी तिथे थांबली आणि तिने तुम्हाला पोरांना जेवू घालायला घरी पाठवलं. त्या दिवशीचा सामना सगळ्यात मोठा. शेवटची, नववी इनिंग, आपण एका रनने मागे, दोघं आउट, तिसरा गेला की संपलं, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर आपली माणसं, आणि बॅट हातात घेऊन आपला तो ढेरपोट्या. पिचरने हात उचलला, चेंडू सुटला, ढेरपोट्याने बॅट फिरवली, आणि खालच्या मजल्यावरच्या फोनवाल्या सरदारणी आंटीची हाक आली, "भाईसाहब! अस्पताल से फ़ोन है!" तुम्ही चपला न घालता जिना उतरलात. मी धाकट्याचा हात इतका घट्ट धरला होता की तो ओरडला. सकाळी तुम्ही आलात ते दाढी वाढलेले, डोळे लाल, आणि म्हणालात, "शुद्धीवर आली. तुमचं विचारत होती." त्या आनंदात सामना कोणाच्या लक्षात राहतो! दुसऱ्या संध्याकाळी नवा सामना सुरू झाला.

पुढे केबल आली. आपण मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो, तुम्ही रिटायर झाला होतात. एका सकाळी चॅनेल बदलता बदलता बेसबॉल लागलं. आपण दोघं पलंगावर ताठ बसलो. बॅटरने चेंडू मारला आणि उजवीकडे पळत सुटला. पुढचाही तिकडेच. "उलटे पळतायत," तुम्ही म्हणालात. मला हसूही येत होतं आणि तुमच्याकडे बघवतही नव्हतं. मग तुम्ही उठलात, खुर्ची फिरवलीत, टीव्हीकडे पाठ केलीत आणि लोखंडी कपाटाच्या आरशात सामना बघायला लागलात. आई म्हणाली, "अहो, टीव्ही इकडे आहे." तुम्ही म्हणालात, "इकडे बरोबर दिसतंय." त्यानंतर होतात तोवर तुम्ही बेसबॉल त्या आरशातच पाहिलंत. पाहुण्यांसमोर आईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

गेल्या महिन्यात धाकट्याचा बंगळुरूहून फोन आला. "ताई, जुने सगळे सामने नेटवर असतात म्हणे. आईच्या ऑपरेशनच्या दिवशीचा शोध ना. मारला का त्या ढेरपोट्याने, एवढंच बघ." मी बसले शोधायला. आईच्या हॉस्पिटलच्या फाइलवर तारीख होतीच. बाबा, त्या दिवशी सामना नव्हता. आदल्या दिवशीही नव्हता, आदल्या आठवड्यातही नव्हता. त्या वर्षी भर उन्हाळ्यात खेळाडूंनी संप केला होता, कित्येक आठवडे एकही चेंडू पडला नव्हता. संपाची बातमी सगळ्यांच्या आधी तुमच्याच कानावर पडली असणार. घरी येऊन तुम्ही हातपाय धुतलेत आणि म्हणालात, "तर आज काय झालं..."

मी तशीच आईकडे गेले. ती आता ऐकायला कमी येतं म्हणते, पण हे बरोबर ऐकलं तिने. "मला काय नवीन सांगतेस? दुपारी माझ्या खाटेशी बसून तेच तर विचारायचे, आज कोणाला जिंकवू. मी म्हणायचे, पोरांच्या टीमला जिंकवा हो, आधीच रडवेली झालीत. मध्ये एकदा हरवायलाही मीच सांगितलं, नाहीतर तुला शंका आली असती. तू पहिल्यापासूनची चोंबडी." मी विचारलं, "आणि ऑपरेशनच्या दिवशी?" ती म्हणाली, "त्या दिवशी मी गुंगीत होते गं. त्या दिवशी त्यांनी एकट्यानेच रचला असेल." मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि मनसोक्त रडले.

धाकट्याला संपाचं सांगितलं. तो म्हणाला, "मग काय, जिंकलोच असणार आपण." त्याचं बरं आहे. मी मेट्रोत बसून तो चेंडू पुरा करून बघते. एकदा मैदानाबाहेर जातो, एकदा कोणीतरी धावत येऊन झेलतो. पण तो माझा सामना होतो, तुमचा होत नाही. आई त्या वेळी टेबलावर, मावशी बाहेरच्या बाकावर, आणि तुम्ही आमच्यासमोर खिचडी वाढत. तेव्हा तुमच्या मनात काय होतं ते कुठल्याच साइटवर नाही. आता प्रत्येक चेंडूचा वेग, वळण, सगळं पडद्यावर लिहून येतं, आणि मला हवा असलेला एक चेंडू कुठेच नाही.

हे मी फोनवरच टाइप केलंय, आणि ते फोनमध्येच राहील. माझी पन्नाशी उलटली, बाबा. तो सामना झालाच नव्हता हे मला स्वच्छ कळतं. तरी कबूल करते. उद्या तुम्ही एका मिनिटासाठी दारात येऊन उभे राहिलात, तर तब्येत, आई, घरदार, काही काही विचारणार नाही मी. आधी विचारेन, "मारला का हो त्याने?"