तिसऱ्या खळग्यातला रुपया

अण्णा, दिवाळीला तुमचा नाण्यांचा ट्रे काढला होता. दरवर्षी काढते. लक्ष्मीपूजनाच्या चौरंगावर ठेवते, पण त्यावर दुधाचा थेंब पडू देत नाही आणि पितांबरीचा डबा त्या दिवशी चक्क लपवून ठेवते. निळी मखमल आता विटली आहे. यंदा तुमच्या नातीनं पहिल्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "आई, इथं दोनच आहेत. तिसरा खळगा रिकामा का गं?" तुम्ही गेलात तेव्हा ती पाळण्यात होती. मी काही म्हणायच्या आत तिचे बाबा, तुमचा मुलगा, बोलले. ते काय बोलले ते शेवटी सांगते. सासऱ्यांना सुनेनं असं बसून लिहावं की नाही कुणास ठाऊक, पण ही गोष्ट तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला कळणार नाही.

मी फुलंब्रीची. लग्न होऊन या घरात आले तेव्हा चांदी म्हणजे जोडवी आणि पैंजण एवढंच मला ठाऊक. पहिल्याच आठवड्यात मी भाकरी थापत होते आणि तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिलात. "सूनबाई, तुझ्या आईनं ओटीत घातलेला तो रुपया जरा बघू दे. परत देतो, भिऊ नको." मी हात पुसले न पुसले तोच फळीवरचा रुपया उचलला आणि तुम्ही ओरडलात, "अगं अगं, कडेनं धर! तोंडावर बोट नको!" पिठाचा अंगठा नाण्यावरच्या चारमिनारवर उमटला होता. माझे डोळे भरून आले. सासूबाई आतून म्हणाल्या, "चुलीत घाला ते रुपये. नवी पोर रडवली." त्यांचं आणि तुमच्या नाण्यांचं कधी जमलंच नाही. पूजेला घासायला म्हणून तुम्ही त्यांना एक रुपया कायमचा देऊन टाकला होता, आणि त्यांनी तो चिंच लावून लावून इतका घासला की त्यावरचा चारमिनार पार पुसून गेला. तो अजून देव्हाऱ्यात आहे.

संध्याकाळी तुम्ही मला बोलावलंत. टेबलावर दिवा, भिंग, आणि माझ्या ओटीतल्या रुपयाशेजारी तुमचा एक. हा निजामाचा चांदीचा रुपया, याला हाली सिक्का म्हणायचे, असं तुम्ही सांगितलंत. तुमची शाळा उर्दूत झालेली, त्यामुळे ती अक्षरं तुम्ही वर्तमानपत्रासारखी वाचायचात. चारमिनारच्या मधल्या कमानीत एक इवलंसं अक्षर असतं, ऐन, निजामाच्या नावाचं पहिलं अक्षर. सुरुवातीच्या नाण्यांवर ते अर्धंच आहे, पुढच्या नाण्यांवर पूर्ण. तुम्ही भिंग माझ्या डोळ्यापाशी धरलंत आणि म्हणालात, "तुझ्या आईचा पूर्ण ऐनवाला आहे माय, म्हणजे नंतरचा. वाईट वाटून घेऊ नको." मला खरंच वाईट वाटलं, माहेरचा कुणी परीक्षेत नापास झाल्यासारखं. पण दोन्हींतला फरक मला चटकन दिसला होता, आणि तो दिसला हे तुम्हालाही दिसलं. त्यानंतर कितीतरी दुपारी भाजी निवडायचं ताट घेऊन मी तुमच्या टेबलापाशी बसले. घरात कुणी त्याला नावं ठेवली, कुणी हसलं. तुमचा मुलगा तर म्हणायचा, "झालं, आता घरात दोन वेडे." त्यांनी त्या ट्रेकडे कधी वळूनही पाहिलं नाही. निदान मला तसं वाटायचं.

त्या अर्ध्या ऐनच्या रुपयांत तुमचा जीव अडकला होता. तुमच्याकडे नाणं पाडायच्या एकाच ठशातून निघालेले दोन होते. त्यांना तुम्ही बहिणी म्हणायचात. एकीचा चेहरा स्वच्छ. दुसरीवर उजव्या मिनारापासून कमानीपर्यंत केसासारखी रेघ. मी तिला ओरखडा म्हणाले तर तुम्ही भिंग खाली ठेवलंत. "ओरखडा खाली जातो, तडा वर येतो. बोट नको लावू, नजरेनं बघ." नाण्याला काही लागलेलं नाही, ठसाच तडकलाय, आणि त्या भेगेत चांदी शिरून रेघ उठून आलीय, असं तुम्ही समजावलंत. ठसा तडकला तरी लगेच कुणी फेकत नाही, म्हणजे तडा वाढत गेला असणार, म्हणजे कुठंतरी तिसरी बहीण असणार, जिच्यावर तो एका मिनारापासून दुसऱ्या मिनारापर्यंत गेलाय. तुम्ही ती कधी पाहिली नव्हती, कुणाकडं असल्याचं ऐकलंही नव्हतं. तरी ट्रेमधला तिसरा खळगा तुम्ही तिच्यासाठी मोकळा ठेवला होता. सासूबाई म्हणायच्या, न जन्मलेल्या पोरीचा पाट मांडून बसलेत.

आणि ती सापडली, शहागंजात. आठवतं ना? मी जोडवी सैल झाली म्हणून सराफाकडं गेले होते आणि तुम्ही सोबत. तुम्ही त्या म्हाताऱ्या सराफाशी गप्पा मारत होतात. गल्ल्याशेजारी पितळेच्या परातीत मोडीची चांदी पडली होती, तुटके छल्ले, बाळाचे वाळे, चपटं झालेलं अत्तरदाणीचं झाकण. त्यांत चारपाच रुपये. मी एक कडेनं उचलून उजेडात तिरका धरला. "अण्णा," मी म्हणाले, "रेघ वर आलीय. पलीकडच्या मिनारापर्यंत." तुम्ही तो माझ्या हातातून कडेनं घेतलात. सराफ हसला, "अरे साब, ये तो गलाने कू निकाले सो माल है. बेटी को पसंद आया तो ले जाव." परत येताना रिक्षात तुम्ही रुमालात गुंडाळलेला रुपया दोन्ही हातांत धरून बसला होतात आणि तुमच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. रिक्षावाला आरशातून बघत होता. घराजवळ आल्यावर तुम्ही म्हणालात, "मी मेलो असतो न बघताच. तू दाखवलीस." माझ्या वडिलांनीही मला असं कधी काही म्हटलं नव्हतं, अण्णा.

पुढच्या हिवाळ्यात तुम्ही अंथरूण धरलंत. सासूबाई आधीच गेल्या होत्या. एक दिवस तुम्ही तो रुपया मागितलात. मी रुमालात धरून आणला तर तुम्ही रुमाल बाजूला केलात आणि अंगठा सरळ त्या रेघेवर ठेवलात. मी दचकले. "राहू दे," तुम्ही म्हणालात, "आता नजरेला दिसत नाय. बोटाला लागतंय तेवढं लागू दे." तेव्हापासून तो ट्रेमध्ये गेलाच नाही. तुमच्या उशीखाली असायचा.

तुम्ही गेलात त्या सकाळी घर माणसांनी भरलं होतं. कपाळाला लावायला रुपया हवा म्हणून कुणीतरी हाक मारली. मी स्वयंपाकघरातून पाण्याचा तांब्या घेऊन आले आणि पाहिलं, तुमच्या कपाळावर, ओल्या गंधात, तीच, तिसरी बहीण. तुम्हीच तयार केलेली नजर, दारातूनही चुकली नाही. देव्हाऱ्यातला घासलेला रुपया हाताशी असताना उशीखालचा कशाला काढला? माझा हात उठला होता. चुलत सासूबाई, काकू, म्हणाल्या, "काय गं माय, काय व्हतंय तुला?" मी म्हणाले, काही नाही. चार माणसांत, सासऱ्यांच्या मयतीत, सुनेनं नाण्यासाठी तोंड उघडायचं? आणि खरं सांगू, तुमच्या कपाळावरचं काही काढून घ्यायची माझी हिंमत झाली नाही. तुम्हाला उचललं, आणि मी दोघांसाठी रडले, तुमच्यासाठी आणि तिच्यासाठी. लोक म्हणाले, सुनेला किती माया. राख सावडून आल्यावर तुमच्या मुलानं कागदाची पुडी माझ्या हातात ठेवली. त्यात चपट्या बोरासारखा वितळलेल्या चांदीचा काळपट गोळा होता. मिनार नाही, कमान नाही, अक्षर नाही. मी तो कपाटात आत टाकला आणि मनात त्यांना म्हटलं, तुम्हाला बापाची एक वस्तू ओळखता आली नाही.

बारा वर्षं मी हे मनात धरून होते. आमच्यात कधी भांडण झालं की मला तो रुपया आठवायचा, आणि भाजीत मीठ कमी पडलंय असं सांगताना माझा आवाज उगाच चढायचा.

आणि यंदा लेकीनं विचारल्यावर ते शांतपणे म्हणाले, "तिसरा आजोबांना दिला. सगळ्यांत लाडका होता ना त्यांचा." मी विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं? "व्हय की. काकू देव्हाऱ्यातला आणत होत्या, मीच नको म्हणलो. अण्णांना काय गुळगुळीत रुपया देऊन पाठवायचं? लावताना ती रेघ लागली की बोटाला." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तू बघितलंस तेव्हा. हात उचललास, परत खाली घेतलास. मला वाटलं, तुला पटलं."

अण्णा, तुम्ही मला अर्धा ऐन आणि पूर्ण ऐन शिकवलात. एका ठशाच्या बहिणी भिंगाखाली ओळखायला शिकवलंत. आणि तुमचा मुलगा तुमच्याच ठशातला आहे हे मला शेजारी राहून दिसलं नाही. तो तुमच्याजवळ टेबलापाशी कधी बसला नाही, तुम्ही त्याला कधी बोलावलं नाहीत, आणि ती जागा मी घेऊन बसले होते. तुम्हा दोघांसाठी मला फार वाईट वाटतंय. त्या रात्री ते झोपले नाहीत. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी मी तो गोळा काढून तिसऱ्या खळग्यात ठेवला. त्याच्या एका बाजूला बारीक रेघ आहे, वर आलेली. थंड होताना चांदीला सुरकुती पडली असेल; तुम्ही एका नजरेत सांगितलं असतं. मी लेकीला मात्र सांगितलं की तो तडा आहे. हे लिहिलेलं कुठं पाठवणार, ट्रेखालीच सरकवून ठेवते. आणखी एक, रागावू नका. घरात कुणी नसलं की मी तो बाहेर काढते. आता त्याला कडच राहिलेली नाही, अण्णा. मी मुठीतच धरते.