शुक्रवारची गोळी

१८ ऑगस्ट

पुराचं पाणी उतरलं एकदाचं! आमच्या वटार गावच्या सगळ्या वाड्या चिखलात. आई — माझ्या सासूबाई — सकाळपासून अनवाणी केळींत. त्या भेगाळलेल्या टाचा घेऊन! ओरडले, तर म्हणे, "तू घाल बूट. मला जमिनीचं कळत नाही त्यात." यांच्यापुढे कोण जिंकलंय!

१९ ऑगस्ट

चर्चच्या दवाखान्यातल्या डॉ. ज्युली महिला मंडळात आल्या. म्हणाल्या, पुराच्या पाण्यातून लेप्टोचा ताप येतो, चिखलात उतरणाऱ्या प्रत्येकाने दर आठवड्याला गोळी घ्यायची. पुरुषांना देवळात भजनानंतर द्यायची ठरली. पण बायका? शिबिराला कोण येतंय! मी म्हटलं, परवा श्रावणी शुक्रवार — जिवतीच्या हळदीकुंकवालाच देऊ. वाण म्हणून! वाणाला नाही कोण म्हणेल? टाळ्या पडल्या. अध्यक्षीण उगाच नाही झाले!

२१ ऑगस्ट, शुक्रवार

अंगण भरलं. गोळी उपाशीपोटी नको, दुधाबरोबर नको — म्हणून मसाला दूध रद्द, पोहे. परातभर पोहे आईंनी एकटीने केले. हळदीकुंकू, गोळी, पाणी — प्रत्येकीने माझ्यासमोर गिळली. एकही सुटली नाही!

२६ ऑगस्ट

आईंना ताप. डोळे लाल, पोटऱ्या धरून कण्हतायत. डॉ. ज्युलींनी विचारलं, "गोळी घेतली होती ना?"

हो म्हणायला गेले, आणि आठवलं.

मामंजी गेल्यापासून हळदीकुंकवाला आई आतच बसतात. कुणाला सांगावंही लागत नाही. त्यांचे पोहे सगळ्यांनी खाल्ले, आणि मी गोळी घेऊन स्वयंपाकघरापर्यंत गेले नाही! गावातल्या बाकीच्या विधवा तर घरीच राहिल्या. शेण खायला गेली होती माझी अक्कल.

२७ ऑगस्ट

दवाखान्यात सलाईन लावलंय. लघवी फार कमी होतेय. मंडळाच्या बायका राहिलेल्या घरांत गोळ्या देऊन आल्या. चर्चच्या बायका आळीपाळीने उशाशी बसतात, मला घरी जा म्हणतात. नाही जाणार. आईंशिवाय मला ते घर नको.

३१ ऑगस्ट

धोका टळला! पहिले शब्द — "केळींना कुणी पाहिलं?" हसता हसता रडले.

४ सप्टेंबर, शुक्रवार

आज सगळ्यांना बोलावलं. सगळ्यांना. उगाच बोलणी नकोत म्हणून कुंकवाचा करंडा आतच ठेवला, फक्त गोळ्या. कालच घरी आलेल्या आई पुढच्या खुर्चीत. आपली गोळी सगळ्यांआधी गिळली, पाणी प्यायल्या, माझ्याकडे पाहिलं.

"आणि कुंकू?"