थोरली, धाकटी आणि बाबांचा साबण

सांगली
१२ जानेवारी २०२५

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर पिस्तूल हा शब्द काढला की तुम्ही लगेच हवापाण्यावर घसरता, म्हणून हे पत्र. रामेश्वरकाका सुट्टी संपवून परवा रास अल खैमाला परत निघालेत. ते दुबईत देऱ्याला येऊन तुमच्या हातात देतील. आत काय आहे ते त्यांना सांगितलेलं नाही, तेव्हा लगेच घाम पुसायला घेऊ नका.

बातमी अशी, की तुमची फौजदार लेक आता साध्या वेशातल्या पथकात जाणार. सराफांना लुटणारी एक टोळी या भागात फिरतेय. आम्ही गर्दीत मिसळून बाजारात उभं राहायचं. हत्यार जवळ पाहिजे आणि कुणाला दिसता कामा नये. शस्त्रागारात माझ्यापुढे दोन पिस्तुलं ठेवली आणि फेब्रुवारी संपेपर्यंत एक ठरव म्हणून सांगितलं. दोन्ही आखूडच, पण एक जरा अंगानं भरलेलं. मी त्यांना थोरली आणि धाकटी म्हणते. थोरली माझ्या हातात माप घेऊन केल्यासारखी बसते, नेम चुकत नाही. पण कुर्त्याखाली तिची मूठ अशी वर येते की आंधळ्यालाही कळेल. धाकटी कुठंही लपते. पण तिची मूठ एवढीशी, करंगळी नुसती खाली लोंबत राहते. एक गोळी सुटली की असा हिसका बसतो की दुसरी कुठं जाईल ते तिचं तिलाच माहीत.

पथकाच्या मॅडमनी स्पष्ट बजावलंय की हत्यार दिसलं तर पथकातून बाहेर, टेबलावर बसून कागद लिहायचे. इथल्या शिंप्याला सांगावं तर संध्याकाळपर्यंत गावभर होईल. तुम्ही इतकी वर्षं तिथल्या बायकांच्या पायघोळ अबाया शिवताय, कापडाखाली काय काय लपतं ते तुमच्याइतकं कुणाला कळणार? दोघींचे पेन्सिलीनं काढलेले खाके सोबत आहेत. भरलेली थोरली पाऊण किलोच्या पुढे जाते. उजव्या कमरेला, किंचित मागं बसते, आणि हात घातला की एका झटक्यात बाहेर यायला हवी.

मला थोरलीच हवी, बाबा. बाकी तुमच्या कातरीवर. लोभ आहेच, तो कुर्त्यात उतरवा.

तुमची,
संपदा

देरा, दुबई
२५ जानेवारी २०२५

सौ. सगुणास,
अनेक आशीर्वाद.

आमच्या खोलीतला परेश उद्या घरी निघालाय, त्याच्याबरोबर हे देतोय. तुझ्या लेकीनं मला काय काम लावलंय ते ऐक. कुर्ता शिवायचा, आणि कुर्त्यात पिस्तूल बसवायचं! खाके आधी मशीनच्या खणात ठेवले, मग गादीखाली, मग परत खिशात. इथं साध्या माणसाजवळ असली वस्तू सापडली की खलास. माझ्याजवळ नुसता कागद, तरी पोलिसाची गाडी दिसली की गल्लीत वळतो.

लाकडाचा नमुना करावा म्हटलं, हिंमत झाली नाही. शेवटी धुण्याच्या साबणाच्या दोन वड्या आणल्या आणि खाक्याबरहुकूम तासल्या. थोरलीत जुन्या बॉबिन ठोकून वजन भरलं. मग माझ्याच मापाचा एक झब्बा बेतला. अबायाला देतात तसा घेर, उजव्या बाजूला खोल चूण, आणि चुणीच्या आत शिवण उघडी, म्हणजे हात सरळ आत जातो.

सुट्टीच्या दिवशी साबण कमरेला बांधून निघालो. इथल्या सोन्याच्या बाजारात, गोल्ड सूकमध्ये, प्रत्येक दुकानाच्या रखवालदारासमोरून दोनदा गेलो. अब्रात, म्हणजे खाडीतल्या होडीत, बसून पलीकडे गेलो, परत आलो. उतरल्यावर एका पोलिसानं हात करून थांबवलं. सगुणा, मला वाटलं संपलं, आता थेट विमानात बसवतात. तो मला हबीबी म्हणाला आणि रस्ता पांढऱ्या पट्ट्यांवरून ओलांडायला सांगून निघून गेला. खोलीवर आलो तर परेश विचारतोय, काका बारीक झाले का, झब्बा फार सैल होतोय म्हणून. कुणाला म्हणून कळलं नाही.

तर होतंय. सुरेख होतंय. इतकं नीट काही बेतलेलं मला आठवत नाही, आणि तेव्हापासून जिवाला चैन नाही. शिवून दिला तर पोरगी दरोडेखोरांपुढं उभी राहणार. होत नाही म्हटलं तर, धाकटी तिला नकोच आहे, टेबलावर बसणार. खडू हातात घेतो आणि खाली ठेवतो. काय लिहू तिला? तू सांगशील ते.

जीव आहे तोवर लोभ आहे.

तुकाराम

कऱ्हाड
१ फेब्रुवारी २०२५

संपदाच्या बाबांना,
सा. न. वि. वि.

विचारताय काय? होत नाही म्हणून लिहून मोकळे व्हा. मी तिला फौजदार होऊ दिलं ते खुर्चीत बसून चार लोकांना दम देईल म्हणून. सराफ कट्ट्यावर गुंडांची वाट बघत उभी राहायला नव्हे. टेबलावर बसली तरी पगार तोच आहे, आणि जेवण तरी वेळेवर होईल.

तुमच्या हाताला कला आहे, मी कधी नाही म्हटलंय? पण ती त्या बायकांच्या अबायांत घाला. माझ्या पोरीला मरणाच्या दारात उभं करायला नको. परवा तिनं फोनवर सहज सांगितलं, की त्या टोळीनं मागच्या वेळी एका रखवालदाराला गोळी घातली. सहज! मी भाकरी थापत होते. तव्यावरची करपली ती करपलीच.

फोनवर मात्र सांगू नका. खोटं बोलताना तुमचा आवाज चिरकतो, ती पोलीस आहे, लगेच पकडेल. लिहाच, आणि थोडक्यात लिहा. लांबवायला गेलात तर खरं बोलून बसाल.

तब्येत सांभाळा. माझा लोभ आहे, पण राग आला तर त्यालाही जागा ठेवा.

सगुणा

देरा, दुबई
७ फेब्रुवारी २०२५

चि. संपदास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

खाके मिळाले. पुष्कळ करून पाहिलं. जाड कापड घेतलं, घेर वाढवला, अस्तर दुहेरी लावलं. थोरलीची मूठ दिसतेच. होत नाही.

मनाला लावून घेऊ नकोस. टेबलावरचं कामही कुणीतरी करायला हवंच ना. आमच्या मालकांकडे, हम्मादभाईंकडे, रमझानच्या ऑर्डरी सुरू झाल्या, मान वर करायला फुरसत नाही. हवा छान आहे.

लोभ कमी करू नकोस.

तुझे,
बाबा

सांगली
१५ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. वाईट वाटलं, पण तुम्ही होत नाही म्हटलंत म्हणजे ते कुणाच्यानंच होणार नाही. लहानपणी मी परीचा झगा मागितला होता, तोही तुम्ही पंखांसकट शिवला होता. तेव्हा विषय संपला. त्याच दिवशी जाऊन धाकटी घेतली.

टेबलाचं म्हणाल तर ते माझ्या डोक्यातही आलं नाही. परवापासून बाजारात उभी आहे. गजरेवाल्या मावशींच्या शेजारी. मावशींना वाटतं, माझं लग्न मोडलंय म्हणून मी अशी उदास भटकते. रोज मला एक गजरा फुकट देतात.

सराव चालू आहे. पहिली गोळी लागते, दुसरी भटकते. करंगळीचं काय करायचं ते अजून कळत नाही. मॅडम म्हणतात, सवय होईल. मला माझी भीती वाटत नाही, पण समोर माणसं असतात हो. भाजीची पिशवी घेतलेली, पोरांचा हात धरलेली. माझ्यावर दुसरी गोळी झाडायची वेळ येऊ नये, एवढंच रोज म्हणते. आईला हे सांगू नका.

तुम्ही इतका खटाटोप केलात, त्यातच मला सगळं मिळालं. असाच जीव लावा.

तुमची,
संपदा

कऱ्हाड
१७ फेब्रुवारी २०२५

संपदाच्या बाबांना,
सा. न. वि. वि.

कुरिअरवाल्याच्या डोक्यावर बसून हे पाठवतेय. हातातलं काम टाका आणि आधी वाचा.

ती टेबलावर बसलीच नाही! लहान पिस्तूल घेऊन बाजारात उभी राहिलीय. काल घरी आली होती. सरावाचा कागद दप्तरात होता, तो मी उघडून बघितला. माणसाचं चित्र असतं त्यावर. त्याच्या छातीवर एक भोक, आणि बाकीची कानाशेजारी, खांद्याच्या वर, कुठंही. मला काही कळत नाही यातलं, पण एवढं कळतं. तिला म्हटलं, अगं हे काय, तर हसून म्हणाली, बाबांच्यानं झालं नाही त्याला काय करणार.

मीच तुम्हाला लिहा म्हटलं होतं, कबूल. पण माझं दुसरं काही ऐकलंय तुम्ही कधी? चहात साखर कमी करा म्हणून घसा कोरडा केला. नेमकं हेच बरं ऐकलंत! आता शिवा. जे होतंय ते शिवा, आणि यल्ला म्हणतात ना तुमच्याकडे, तसं झटपट पाठवा. तिला जायचंच असेल तर जे हाताला बसतं ते घेऊन जाऊ दे.

लोभाचं नंतर बघू.

सगुणा

देरा, दुबई
२२ फेब्रुवारी २०२५

चि. संपदास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

उम्म अल कुवैनच्या उर्मिलाताई भाच्याच्या लग्नाला सांगलीला येताहेत, त्यांच्याबरोबर दोन कुर्ते पाठवतोय. एक युक्ती सुचली. त्या पोचतील त्याच रात्री त्यांच्याकडून घे आणि दुसऱ्या दिवशी जाऊन थोरली माग.

कापड जाड आणि बारीक नक्षीचं घेतलंय, म्हणजे उंचवटा नजरेला पकडता येत नाही. उजव्या चुणीत शिवण उघडी आहे, हात सरळ आत घाल. आधी मी तिथं टिच बटण लावलं होतं, काही घसरू नये म्हणून. मग स्वतः घालून बसलो, काढायला गेलो, तर बोट बटणात अडकलं. बटण उसवून टाकलं. तिथं आता काहीही बांधलेलं नाही, लक्षात ठेव. घरी पुन्हा पुन्हा करून बघ. मोकळ्या पिस्तुलानं, भरलेल्या नव्हे.

थोरलीच्या वजनाचा एक साबण केलाय. तो मी सकाळपासून ड्यूटी संपेपर्यंत कमरेला लावून बसतो, कुठं काचतंय ते कळावं म्हणून. हाडावर टोचत होतं, तिथं अस्तराखाली मऊ पट्टी घातलीय. हम्मादभाईंची लेक लायबा काउंटरवर असते. तिनं विचारलं, अंकल सारखा कमरेला हात का लावतात? पाठ दुखते म्हणालो. आता पोर रोज गरम पाण्याची पिशवी आणून देते आणि मला ती घेऊन बसावं लागतं.

पत्र छोटंच लिही, पण लिही. त्यावरच माझा दिवस जातो.

तुझे,
बाबा

सांगली
११ मार्च २०२५

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आधी हे वाचा: मी धडधाकट आहे, ओरखडाही नाही.

ते आले होते. परवा भर दुपारी, दोघं, मोटारसायकलवरून. मी निळ्या नक्षीचा कुर्ता घालून गजऱ्यांपाशी उभी होते. एकानं दुकानाच्या पायरीवर गावठी कट्टा काढला, आणि माझी हालचाल बघून माझ्याकडं वळला. मी हात चुणीत घातला एवढं आठवतं. त्याचा हात वर यायच्या आत थोरली त्याच्या छातीसमोर होती. त्यानं कट्टा खाली टाकला. दुसऱ्याला आमच्या पोरांनी धरलं. एकही गोळी सुटली नाही. त्याच्या मागं एक बाई कडेवर लेकरू घेऊन उभी होती, बाबा. माझ्या हातात धाकटी असती तर? हा विचार मला अजून एका जागी बसू देत नाही.

हे मी आईला सांगितलं आणि तिनं रडत रडत सगळं ओकून टाकलं. साबण, गोल्ड सूक, तुमचा झब्बा, तिचं पत्र. म्हणजे जानेवारीतच होत होतं.

मी रागावले आहे. लटकं नाही, खरंच रागावले आहे. तुमच्या शब्दावर मी चुकीचं हत्यार घेऊन त्या गर्दीत उभी राहिले. तुम्हाला भीती वाटत होती तर भीती वाटते असं लिहायचं होतं. त्याला माझ्याकडं उत्तर होतं. होत नाही, याला काय उत्तर देणार?

आणि त्या कुर्त्यात तुम्ही जे केलंत ते दुसऱ्या कुणालाही जमलं नसतं. हेही तितकंच खरं आहे, म्हणून तर जास्त राग येतो. मॅडमना तसले चार हवेत, त्या विचारत होत्या शिंपी कुठला म्हणून. तुमची पाठ आता दुखत नसेल तर तो साबण धुण्याला काढा. पथकातली माझी ड्यूटी अजून वर्षभर आहे, तोवर काय तो बांधून फिरणार?

लोभ कुठं जात नाही, तुम्हाला माहीत आहे.

संपदा

देरा, दुबई
१९ मार्च २०२५

चि. संपदास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

भीती वाटते. फोन वाजला की वाटते, नाही वाजला की जास्त वाटते. तू शाळेच्या सहलीला गेलीस तेव्हाही वाटली होती, फक्त तेव्हा मी बस दिसेनाशी होईपर्यंत उभा राहू शकलो. इथून काहीच दिसत नाही. हे आधी लिहायला हवं होतं.

रागावलीस ते बरोबर केलंस. पुन्हा तुला होत नाही म्हणणार नाही.

आता उन्हाळा येईल, ते जाड कापड तुला सोसणार नाही. म्हणून सुती तीन बेतलेत, मॅडमची मापं आली की त्यांचेही करतो. पातळ कापडात थोरली लपवणं कठीण आहे, पण होतं. मी घालून अब्रातून जाऊन आलो.

साबण कमरेलाच आहे. राग ओसरला की कळव, आणि थोरली जमा करशील त्या दिवशीही कळव. त्या दिवशी मी कपडे धुवायला बसेन.

तुझे,
बाबा